छत्तीस चौकोनांचं गाव

सकाळी ऑफिसला निघालो होतो, मेट्रोच्या जिन्यावर फोन वाजला. नाझिया होती, इब्राहिमभाईंची मुलगी. "अंकल, अब्बू इज नो मोअर," एवढंच म्हणाली. पहाटे झोपेतच गेले... मी तिथेच पायरीवर बसलो. दुबईच्या देरा भागातल्या शिपिंग ऑफिसात आमची टेबलं बावीस वर्षं समोरासमोर होती. ते बाणकोट खाडीकाठचे, मी साताऱ्याचा. मला त्यांचं मे महिन्याचं तिकीट आठवलं. आयुष्यात पहिल्यांदा अमेरिकेला निघाले होते, मुलाच्या कबरीवर फातिहा पढायला.

मुलगा इम्रान शारजात वाढला, अमेरिकेत शिकला आणि तिथल्या मध्यभागातल्या सपाट शेतांमध्ये पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करू लागला. चार वर्षांपूर्वी बर्फात त्याची गाडी घसरली. कळलं तेव्हा इब्राहिमभाई ऑफिसात, माझ्यासमोर होते. त्यांच्याकडे व्हिसा नव्हता. मय्यत इकडे आणायला किती दिवस लागतील, कुणी सांगू शकेना. जवळच्या शहरातली मशिदीची माणसं जनाज्याला येणार होती, गावाने आपल्या कब्रस्तानात जागा देऊ केली होती. फक्त बापाचा होकार हवा होता. ते फोन घेऊन खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, "दफन कर दो." झुबेदाभाभींना विचारलं नाही, घरी जाऊन सांगितलं. भाभी म्हणाल्या, "माझ्या लेकराला कुठे टाकलंत तुम्ही?"

या 'कुठे'चं उत्तर शोधण्यात त्यांची चार वर्षं गेली. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते कॉम्प्युटरवर त्या गावाबद्दल वाचत. तिथे त्याला टाउनशिप म्हणतात. आपल्याला टाउनशिप म्हटलं की गेट आणि स्विमिंग पूल आठवतो. ही निव्वळ शेतजमीन, सहा मैल लांब, सहा मैल रुंद, एकेका मैलाचे छत्तीस चौकोन. इब्राहिमभाईंनी ते आलेखाच्या कागदावर आखले होते. एकोणिसाव्या चौकोनात कब्रस्तान. टाउनशिपचं दप्तर सांभाळणारी एक म्हातारी बाई त्यांच्या ईमेलना उत्तरं द्यायची... रस्ता खडीचा आहे, बर्फ आमचा शेजारी हटवतो, यंदा मका बरा आलाय.

"सुधीरभाई, अख्ख्या टाउनशिपमध्ये आपल्या टॉवरपेक्षा कमी माणसं," एकदा ते म्हणाले. "दर खानेसुमारीला आणखी घटतात. पोरं शहरात जातात. आमच्या खाडीसारखंच." मूळची आदिवासी माणसं तिथून हुसकावली गेली, मग जर्मन शेतकरी आले, हेही त्यांनीच मला सांगितलं. आणि एका दुपारी म्हणाले, "तिथली सगळ्यात जुनी कबर कुणाची, माहितीय? बैलगाडीतून पुढे निघालेल्या कुणा परक्यांच्या पोराची. ताप आला, आईबापांनी पुरलं आणि पुढे गेले..." "पुढे गेले," ते पुन्हा म्हणाले आणि डब्याचं झाकण लावलं.

घरी मात्र यातलं काहीच चालत नसे. शारजात अल मजाजला त्यांच्याकडे जेवताना एकदा त्यांनी विषय काढला, तर भाभी वाढता वाढता थांबल्या. "मला भूगोल नको," म्हणाल्या. इब्राहिमभाई खाली मान घालून जेवले. लिफ्टपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "तिचं बरोबर आहे. विचारायला हवं होतं मी." व्हिसा मिळाला त्या दिवशीही त्यांनी तो आधी मला दाखवला.

त्यांना जाऊन पाच आठवडे झाल्यावर भाभींनी मला बोलावलं. नाझियाने दोघींच्या व्हिसाचा अर्ज भरला होता, मुलाखत जवळ आली होती. "तिथे विचारतील, कुठे जायचंय," भाभी म्हणाल्या. "मला त्या गावाचं नाव येत नाही, भाऊ. चार वर्षं मी ते तोंडात घेतलं नाही." नाव जर्मन, जिभेला अवघड. मी म्हणून दाखवलं. दोनदा त्यांचं चुकलं. "अम्मी, स्लोली," नाझिया म्हणाली. तिसऱ्यांदा बरोबर आलं. त्यांनी डोळे पुसले, खुर्ची माझ्याकडे ओढली.

"आता सांगा," म्हणाल्या. "तिथे पाणी कुठे आहे?"

"एक ओढा आहे," मी म्हटलं. "वायव्येकडून येतो, कब्रस्तानाच्या मागून वळतो. उन्हाळ्यात आटतो, पण पूर्ण नाही." सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मला सगळं पाठ होतं.