आमच्या स्टेशनचं तिकीट

माझा राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून आमच्या गावमंडळाने अर्ज लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मंडळ म्हणजे कोकणातल्या आमच्या गावाहून मुंबईत आलेल्या घरांचं. बैठक लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत भरते. आणि अर्ज कशासाठी, तर गावाला जाणाऱ्या पॅसेंजरच्या संडासात पाणी असावं म्हणून!

हसू येतं ना? मलाही यायचं. पण आमच्या छोट्या स्टेशनवर थांबणारी गाडी तेवढी एकच, आणि ती एक्सप्रेसना वाट देत देत अख्खा दिवस घेते. दुपारपर्यंत नळ कोरडे. म्हणून आई आदल्या संध्याकाळपासूनच पाणी पिणं सोडायची. गाडीत तर घोटही घ्यायची नाही. एकदा गावाहून परतली ती लघवीच्या त्रासाने, अंगात ताप घेऊनच. डॉक्टरांनी बजावलं, असा प्रवास पुन्हा नाही. बस तिला लागते, आणि एक्सप्रेसचं आरक्षण मिळेल तर शपथ.

गावी तिची जाऊ असते. दोघींनी एका चुलीवर संसार केला. आता ती अंथरुणाला खिळली आहे. फोनवर दोघी "जेवलंस काय गो?" एवढंच विचारायच्या आणि मग नुसत्या फोन धरून बसायच्या. मला ते बघवायचं नाही.

"पाणी नाय प्यायलंय म्हणून कोण मरत नाय," आई म्हणायची. "माका एकदा तिका बघूची आसा."

मी अर्जांवर अर्ज पाठवले. अखेर रेल्वेच्या कार्यालयातून उत्तर आलं: या गाडीला पुरेसे प्रवासी नाहीत. माझं डोकंच फिरलं. डिलाईल रोडच्या आमच्या घरातून निघाले ती तडक त्या कार्यालयात. टेबलामागे माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी माझं सगळं ओरडून होऊ दिलं आणि मग संगणक माझ्याकडे वळवला.

"तुमच्या स्टेशनचं तिकीट जवळपास कुणी काढतच नाही. आजूबाजूच्या छोट्या स्टेशनांचंही तेच. बघा तुम्हीच."

"अहो, आम्ही उभ्याने जातो दर मे महिन्यात!"

"तिकीट कुठलं काढता?"

आम्ही काढायचो ते पुढच्या मोठ्या स्टेशनचं, तेही एक्सप्रेसचं. वडिलांनी लावलेली सवय, साऱ्या गावाचीच. पॅसेंजरचा काय भरवसा? ती रद्द झाली तर त्याच तिकिटावर एक्सप्रेसमध्ये घुसता येतं. पॅसेंजर आली की तिच्यात बसायचं आणि आपल्या स्टेशनवर अलीकडेच उतरायचं. आम्ही स्वतःला फार हुशार समजत होतो. कागदोपत्री मात्र आमचा सगळा गाव वर्षानुवर्षं एक्सप्रेसने पुढे निघून जात होता.

बैठकीत हे सांगताना मला लाज वाटली. सेक्रेटरीकाकांनी कपाळावर हात मारला. "च्यायला, म्हणजे आपल्या गाडीची वाट आपणच लावली की!"

"आणि पॅसेंजर नाय आली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर घरी परत या!" मी खेकसले. "पण तिकीट आपल्याच स्टेशनचं काढायचं."

सगळेच हसले. काळाचौकीला शेजारच्या गावाचं मंडळ आहे. आमचं त्यांच्याशी फारसं पटत नाही, तरी तिथेही जाऊन आले. त्यांची सवय हुबेहूब आमचीच निघाली. होळी, मे महिना, गणपती, सगळ्यांनी आपापल्या स्टेशनची तिकिटं काढली. दोनदा गाडी रद्द झाली. लोकांनी मला शिव्या घातल्या आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच तिकीट काढलं. त्या माणसांचं मला अजून कौतुक वाटतं.

मग मी नवा अर्ज घेऊन त्याच बाईंकडे गेले. या वेळी ओरडले नाही. त्यांनी स्वतः फाईल पुढे सरकवली. काही महिन्यांनी मधल्या एका स्टेशनवर नळ टाकले गेले. एक्सप्रेसला वाट देत गाडी जिथे उभी राहते, तिथेच आता डब्यांच्या टाक्या भरतात. गाडी अजून रखडतेच, पण ते उभं राहणं निदान कामी येतं.

डॉक्टरांना विचारून मी आईला घेऊन निघाले. तिने आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडलंच होतं. माझ्यावर विश्वास ठेवील तर ती आई कसली! दुपारी त्या मधल्या स्टेशनवरून गाडी सुटली आणि आई उठली. "बघून येतंय," म्हणाली. मी जीव मुठीत धरून बसले.

ती परत आली आणि तिने दोन्ही ओले हात माझ्या गालांवर ठेवले. मग खिडकीशी बसली.

"बाटली दी गो," म्हणाली. "घसो सुकलो."