पुलावरचा खोटा बोल्ट

आमचे हे लेथवर काम करतात. लोखंडाची कांब फिरती ठेवायची आणि हव्या त्या मापाला उतरवायची, हा त्यांचा दिवसभराचा धंदा. घरात मात्र साधा खिळा ठोका म्हटलं तर महिना जातो. बोलणं तर इतकं बेताचं, की पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा आईने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं, "बोलता येतं ना गं याला?"

अशा माणसाला ते जिओकॅशिंगचं वेड कुठून लागलं, देव जाणे. म्हणजे काय, तर एक डबी कुठेतरी लपवायची आणि ती जागा मोबाइलवर टाकायची. मग ओळख ना पाळख असले लोक ती शोधत येतात, आतल्या कागदावर नाव लिहितात आणि डबी होती तिथे ठेवून जातात. बक्षीस काही नाही. मी म्हटलं, "अहो, रिकामटेकड्यांचे उद्योग हे!" ते नुसते हसले. इतरांच्या डब्या चांगल्या हातात मावतील अशा, ह्यांच्या वाटाण्याएवढ्या. आत कागदाची सुरळी, बुडाला लोहचुंबक. सुट्टीच्या दिवशी बाल्कनीत बसून, डोळ्याला भिंग लावून, इवल्याशा झाकणाला आटे पाडत बसायचे. कुणी 'सापडली, कमाल आहे' असं लिहिलं की स्वारी दिवसभर खूश. मलाही ते बघून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सगळ्यात लाडकी डबी म्हणजे बोल्ट. आमच्या घराजवळ रेल्वेच्या रुळांवरून जाणारा पादचारी पूल आहे. माझे सासरे, बाबा, रोज सकाळी काठी टेकत तिथे जातात. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. मधल्या दिव्याजवळ दोन्ही कोपरं कठड्यावर टेकून मालगाड्या बघणार, आणि निघताना दोन्ही तळव्यांनी कठड्यावर जोर देऊन सरळ होणार. सुट्टीला हेही सोबत जायचे. तिथल्या कठड्याच्या एका खांबाच्या पट्टीतला बोल्ट कधीचा गळून पडला होता. शहाण्या माणसाने जाऊन रेल्वेला सांगितलं असतं. ह्यांनी काय करावं? नुसतं बोल्टचं डोकं घडवलं, पोकळ. व्हिनेगर आणि मिठाचं पाणी लावून त्याला गंज चढवला, आत सुरळी घातली आणि ते त्या रिकाम्या भोकावर चिकटवून आले. भोक दिसेनासं झालं. मला हौसेने दाखवायला घेऊन गेले, तर मलाही खरा कुठला आणि खोटा कुठला ते कळेना. मी कौतुक केलं!

त्या सकाळी हे आरशासमोर दाढी करत होते. टेबलावर त्यांचा मोबाइल वाजला. मी वाचून दाखवलं, "तीनदा येऊन गेलो. काल पाना घेऊन आलो आणि दिव्याजवळच्या खांबांचे सगळे नट काढून बघितले. तरी नाही सापडली! नट परत हातानेच लावलेत. मानलं बुवा तुम्हाला." वर हसरा चेहरा. मी म्हटलं, "बघा, आणखी एकाला चकवलंत."

वळून बघते तर अर्ध्या गालाला फेस आणि उरलेला चेहरा त्याहून पांढरा.

"बाबा कुठेत?"

"कुठे म्हणजे? गेले की फिरायला."

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याच खांबांच्या कठड्यावर बाबा रोज भार टाकतात. बाबांचा मोबाइल तिथेच चार्जिंगला लावलेला होता. आम्ही होतो तसे पळालो. दार उघडंच राहिलं. मी जन्माची भित्री, पण त्या दिवशीची भीती वेगळी होती. पुलाच्या पायऱ्या चढताना मनात एकच, आज गाडीला उशीर झालेला असू दे, बाबा अजून टेकलेले असू देत, सरळ व्हायला नकोत.

टेकलेले होते. खालून मालगाडी जात होती आणि सगळा पूल थरथरत होता. मी हाक मारायला तोंड उघडलं, तर ह्यांनी माझा दंड घट्ट धरला. "ओरडू नकोस. दचकले तर कठडाच धरतील."

मी, जिचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो, ती मी हळूहळू चालत बाबांच्या शेजारी गेले. जवळून दिसलं, पट्टीवरचा एक नट पार निघून कडेला पडला होता.

"बाबा, घरी चला. पाहुणे आलेत."

"कोण?"

"तुम्हीच ओळखा."

"सकाळी सकाळी कोण तडमडलं?" ते हलायला तयार नाहीत. "ही गाडी जाऊ दे."

"माझा हात धरा ना. मला चक्कर येतेय." हे मात्र खोटं नव्हतं.

त्यांनी मान वळवली आणि मागून येणारे हे दिसले, अर्ध्या दाढीचे. बाबांना हसू फुटलं. "अरे, हे काय सोंग!" असं म्हणत त्यांनी सवयीने दोन्ही तळवे कठड्यावर दाबले.

कठडा गेला. आवाज न करता बाहेरच्या बाजूला कलला, आणि त्याच्याबरोबर बाबा. ह्यांनी मागून स्वेटर पकडला, मी बाबांचा हात पकडला, आणि तिघंही पुलावर आदळलो. काठी खाली डब्यावर पडल्याचा आवाज आला. गाडी तिला घेऊन निघून गेली. कठडा एका टोकाला लटकत होता.

मला रडू आवरेना. हे उठले आणि दोन्ही हात पसरून, त्या मोकळ्या जागेसमोर येणाऱ्याजाणाऱ्यांना अडवत उभे राहिले. रेल्वेची माणसं आल्यावर सगळं सांगून टाकलं, "माझ्यामुळे झालं." त्यांनी नको नको ते ऐकवलं. हे ऐकून घेत राहिले. मग गावभर हिंडून आपल्या सगळ्या डब्या काढून आणल्या.

बाबांनाही त्यांनीच सांगितलं. बाबा म्हणाले, "दाखव." बोल्ट हातात घेऊन उलटासुलटा केला. "खरा वाटतो रे," एवढंच म्हणाले आणि परत दिला.

त्यानंतर बाबा घराबाहेर पडेनात. पूल दुरुस्त झाला, ह्यांनी स्वतः प्रत्येक नट आवळून बघितला, तसं सांगितलंही. नवी काठी आणली. बाबांचं आपलं एकच, "आज नको." घरातसुद्धा खुर्चीच्या हातावर भार टाकेनात. मला ते बघवत नव्हतं. हे रोज सकाळी चपला घालून दाराशी उभे राहायचे, नाही म्हटलं की मुकाट्याने कामाला जायचे.

परवा बाबा उठून दारापर्यंत आले. जिन्याच्या कठड्याकडे बघून हात मागे घेतला. हे एक पायरी खाली उतरून उभे राहिले. बाबांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला, खांदा जरा दाबला, मागेपुढे हलवून बघितला. मग आणखी एकदा हलवून बघितला. हे मान खाली घालून हलवतील तसे हलत राहिले. मग बाबांनी भार टाकला आणि पहिली पायरी उतरले.