पत्र्याखालचा आकडा

त्या सकाळी आमच्या हवामानाच्या ग्रुपवर थर्मामीटरच्या फोटोंचा नुसता सडा पडला होता. आदल्या दिवशी दुपारी पालघर-बोईसरच्या उन्हानं असा आकडा गाठला होता, की आमच्यापैकी कुणी तो इकडे कधी पाहिला नव्हता. कुणाच्या गच्चीतला, कुणाच्या वाडीतला, कुणाच्या गाडीतला, जो तो आपला पारा दाखवत होता. टाळ्या वाजवणारे हात, ज्वाळा, फुगे. आणि त्या फोटोंच्या मधोमध मासवणच्या जयवंतचा एका ओळीचा निरोप आला, ‘शैलाताई पहाटे गेल्या. मी बोईसरलाच हाय.’ त्यानंतरही दोन फोटो आले. पाठवणाऱ्यांनी ते आधीच पाठवून ठेवले असणार, नेटवर्क मिळताच ते सुटले. मग सगळं थांबलं… मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेबलं पुसत होते. हातातलं फडकं तसंच धरून मी त्या दोन फोटोंकडे बघत बसले. शैला गेल्याच्या निरोपाखाली आलेले ते दोन लाल पारे मला अजून दिसतात.

शैला माझ्याकडे आली ती याच प्रयोगशाळेत. मी पालघरच्या एका कॉलेजात फिजिक्सची लॅब असिस्टंट आहे. एक दिवस दारात चाळिशीच्या आतबाहेरची एक बाई उभी, हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला प्लॅस्टिकचा स्वस्तातला थर्मामीटर. म्हणाली, ‘मॅडम, हा खोटं बोलतो की खरं, एवढं बघून द्याल का?’ बोईसरहून ती तेवढ्यासाठी आली होती. आम्ही कॅन्टीनमधून बर्फ आणला, तो फोडला, वितळणाऱ्या बर्फात तिचा आणि लॅबचा असे दोन्ही थर्मामीटर बुडवले आणि वाट पाहत बसलो. त्या वेळात मला तिची सगळी कहाणी कळली. माहेर आणि सासर दोन्ही जळगावकडचं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला लग्न झालं, शिक्षण सुटलं. नवरा इकडे केमिकल कंपनीत ठेकेदाराकडे कामाला. बेटेगावच्या रस्त्याला लागून चाळीतली वरची खोली, वर पत्रा, घरात ती, नवरा आणि अंथरुणाला खिळलेली सासू. ती घरी ब्लाऊज शिवायची. तिचा थर्मामीटर एक अंश जास्त दाखवत होता. मी म्हटलं, ‘चुकीचा आहे.’ तर खूश झाली. ‘पण दर वेळी तेवढाच चुकतो ना? मग माणसांपेक्षा बरा की.’

ग्रुपमध्ये तिला मीच घेतलं. आमचा ग्रुप म्हणजे हौशी लोकांचा गोतावळा. पावसाचे, ढगांचे नकाशे बघत बसणारे, दर्यावरचा वारा किती वाजता आत शिरला यावर तासभर भांडणारे. पॉवर प्लांटमधून निवृत्त झालेले देशमुखकाका आमचे प्रमुख. त्यांच्या बंगल्याच्या अंगणात हिरवळीवर पांढरी, झडपांची लाकडी पेटी आहे आणि तिच्या आत थर्मामीटर. शास्त्रात जसं सांगितलंय अगदी तसं. शैलाला टाईप करायचा कंटाळा, ती बोलून निरोप पाठवायची. मागे शिलाई मशीनची घरघर, मध्येच सासूची हाक, ‘आली हो माय’ असं तिचं ओरडणं, आणि मग पुन्हा वाऱ्याची दिशा. पुरुष मंडळी आधी हसली. नंतर तिच्या निरोपाची वाट बघायला लागली, कारण ती गंमत करायची आणि पुष्कळदा तिचं चुकायचंही. एकदा तिनं छातीठोकपणे गारपीट सांगितली आणि दिवसभर कडकडीत ऊन पडलं. संध्याकाळी तिचा निरोप, ‘गारा वाटेत वितळल्या असतील.’

देशमुखकाकांशी तिचं एकच भांडण, आणि ते कधी मिटलं नाही. ती आपला आकडा खोलीच्या आतला सांगायची. काका दर वेळी शांतपणे समजावायचे, की पत्र्याखालचं तापमान धरता येत नाही. सावली हवी, मोकळी हवा हवी, जमिनीपासून ठरलेली उंची हवी, नाहीतर एका गावाची दुसऱ्याशी तुलनाच करता येणार नाही. त्यांचं बरोबरच होतं, आणि ते बरोबर आहे हे शैलालाही कळत होतं. एकदा मात्र तिचा निरोप आला, ‘काका, तुमची पेटी एकदम मस्त आहे. भाड्यानं मिळेल का? आम्ही तिघं राहायला येतो.’ सगळा ग्रुप हसला. काकांनीही हसरा चेहरा पाठवला. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पत्र्याखालचाच आकडा सांगितला.

उन्हाचं तिला भय नव्हतं. भय तर सोडाच, कौतुक होतं. ‘तुम्हा लोकांना ऊन माहीतच नाही वं ताई,’ म्हणायची. ‘आमच्याकडे मे महिन्यात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही.’ इकडच्या उकाड्याला ती नावं ठेवायची. तिकडचं ऊन भाजतं आणि सोडून देतं, इकडचं उकडत ठेवतं, असं तिचं मत. त्यामुळे या वर्षी नकाशावर तो लाल पट्टा दिसायला लागला आणि वारा पूर्वेकडून वाहायला लागला, तेव्हा ती हरखून गेली. पूर्वेचा वारा जोरात असला की दर्याचा वारा दुपारी आत शिरत नाही, किनाऱ्यापाशीच अडतो, आणि मग आमच्याकडे पारा चढतच जातो. ‘आज माहेरचा वारा आलाय,’ असा तिचा निरोप आला. आवाजात हसू होतं. मग ग्रुपवर अंदाज सुरू झाले. बुधवारी सगळ्यात जास्त तापणार हे बहुतेकांना पटलं होतं. कुणी आकडे लावले, कुणी जुने आकडे उकरून काढले. तिनंही आपला आकडा सांगितला, सगळ्यांपेक्षा वरचा.

पण सासूची तिला काळजी होती. माय दुपारी ग्लानीत जायची, पाणीसुद्धा ओठांतून बाहेर यायचं. तिनं ते ग्रुपवर सांगितलं नाही, मला फोन केला. मी जयवंतला सांगितलं. जयवंत आमच्यातला एकटाच असा, की ज्याचं हवामानावर पोट आहे. मासवणच्या पलीकडे पाड्यावर त्याची पावसावरची भातशेती, आणि घर कुडाचं, शेणानं लिंपलेल्या भिंतींचं, वर कौलं, अंगणात मोठा आंबा. तो लगेच म्हणाला, ‘आणा म्हातारीला इथं. आमच्याकडं दुपारी पंखा पण लागत नाय.’ रविवारी आम्ही मायला खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली उतरवलं आणि व्हॅनमध्ये घालून मासवणला घेऊन गेलो. जयवंतच्या आईनं ओटीवर गोधडी अंथरून ठेवली होती. मायला आडवं केलं तसं तिनं डोळे उघडले, वरच्या कौलांकडे बघितलं आणि पाणी मागितलं. पोटभर प्याली. शैला तिथंच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. मी तिला रडताना पाहिलं ते तेवढंच.

जयवंतची आई तिला म्हणाली, ‘तू पण रहा गं पोरी. चार दिस. आमी हाव ना.’ मीही म्हटलं. शैलानं नकारार्थी मान हलवली. लग्नसराईचे ब्लाऊज पडलेत, यांची दुसरी पाळी आहे, डबा कोण देणार… आणि मग डोळे पुसून हसत म्हणाली, ‘आणि ताई, बुधवारी रेकॉर्ड तुटणार. मी इथं आंब्याखाली बसून काय करू?’

ती ब्लाऊजसाठी परत गेली, की डब्यासाठी, की त्या आकड्यासाठी? मी या प्रश्नाशी पुष्कळ दिवस बसले आहे. वाटतं, तिन्हींसाठी गेली असेल. माणूस एकाच कारणासाठी कुठे जातं? आणि तिच्या बाकीच्या आयुष्यात डबे आणि ब्लाऊज पुष्कळच होते, स्वतःच्या हौसेचं असं तेवढं एकच होतं. त्यावरून तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

बुधवारी दुपारी तिचा निरोप आला. मागे मशीनचा आवाज नव्हता, पंख्याचाही नव्हता. ‘लाईट गेली. वारा अजून पूर्वेचाच. आतला आकडा सांगत नाही, काका रागावतील.’ मी तिला फोन केला. म्हटलं, ‘शैला, खाली जिन्यात जाऊन बस, निदान ओला टॉवेल तरी अंगावर घे.’ म्हणाली, ‘हो वं, जाते. एका ब्लाऊजला हुक लावायचे राहिलेत, बाई संध्याकाळी न्यायला येणार आहे.’ आवाज थकलेला होता, पण त्या दिवशी कुणाचा नव्हता? मग म्हणाली, ‘ताई, डोकं जरा जड झालंय. ठेवते.’ आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढचं मला शेजारच्या मंदाताईंनी सांगितलं. त्या किनाऱ्याकडच्या, बोईसरच्या बाजारात मासळी विकतात. संध्याकाळी घरी आल्या तर शैलाच्या दारात एक बाई ब्लाऊजसाठी ताटकळत उभी. ‘मी दार ढकललं, तं ती मशीनवर डोकं टेकून बसलेली. मला वाटलं झोप लागली. हात लावला तं अंग नुसता तवा. आनि घामाचा थेंब नाय बगा, कोरडी. डोलं उघडे, पन मला वळखत नव्हती. तिच्या गावच्या भाषेत कायतरी बोलत होती, बापाला हाका मारत होती.’ मंदाताईंनी तिच्या अंगावर हंड्यातलं पाणी ओतलं. ते पाणीही दिवसभर पत्र्याखालीच होतं, गरम होतं. मग त्यांच्या डोक्यात आलं, तशी त्यांनी आपल्या टोपलीतला मासळीचा बर्फ आणला आणि तिच्या मानेला, काखेत लावला. रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी हात टेकेपर्यंत प्रयत्न केले, असं तिचा नवरा रमेशभाऊ सांगतात. पहाटे ती गेली. कागदावर हृदय बंद पडल्याचं लिहिलं आहे. ते खोटं नाही. हृदय तर बंद पडलंच.

देशमुखकाका अंत्ययात्रेला आले होते. सकाळीच इतकं ऊन होतं, की लोक स्मशानातल्या शेडच्या सावलीत दाटीवाटीनं उभे होते, चितेजवळ फक्त रमेशभाऊ आणि जयवंत. परतताना काका माझ्याबरोबर चालत होते. मग म्हणाले, ‘हा रेकॉर्ड फार टिकायचा नाही हो.’ सगळं आयुष्य आकड्यांची वाट बघितलेला माणूस, पण आवाजात उत्सुकता नव्हती. एखाद्यानं घरातल्या आजारी माणसाचं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. मग कुणीतरी सुचवलं, की शैलाताईंच्या नावानं एखादं छोटं हवामान केंद्र उभारू. पंधरा-वीस जणांनी हात जोडले. कुठे उभारायचं यावर थोडी चर्चा झाली, जागा कुणाकडे नव्हती, आणि मग पुढच्या आठवड्याचे नकाशे आले.

मायला दोन दिवस काही सांगितलं नव्हतं. मासवणला ती सुधारली होती, उठून भिंतीला टेकून बसायला लागली होती. सांगितलं तेव्हा ती रडली नाही. नंतर मी तिला भेटायला गेले, तर माझा हात धरून म्हणाली, ‘मले कसाले आनलं तुम्ही इकडे? ती पोर आनाची ना.’ जयवंतची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आता रमेशभाऊंनी मायला गावी धाकट्या भावाकडे पोचवलं आहे. तिथं ऊन इथल्याहून जास्त. पण दुसरीकडे न्यायचं तरी कुठे?

गेल्या आठवड्यात रमेशभाऊंचा फोन आला, खोली सोडतोय म्हणून. एकट्याला ती परवडत नाही. कंपनीतल्या चौघांबरोबर राहायला जाणार आहेत. मी सामान आवरायला मदत करायला गेले. मशीन मंदाताईंच्या मुलीला दिलं. कपाटात कुणाकुणाच्या मापाचे जुने ब्लाऊज होते, ते कुणाचे हे आता कुणालाच ठाऊक नाही. भिंतीवर, मशीनपुढच्या तिच्या बसायच्या जागेमागे, डोकं टेकून टेकून तेलकट झालेला एक गोल डाग होता. काम करता करता ती तिथं मान मागे टाकून बसत असणार… मी तो पुसायला फडकं ओलं केलं, पण हात पुढे गेला नाही.

तेवढ्यात चाळमालक नवं भाडेकरू जोडपं घेऊन वर आले. तरुण माणसं, कंपनीत काम मिळालेली, उत्तरेकडची. बाईच्या कडेवर लहान मूल. तिनं मोरी बघितली, नळ सोडून बघितला, मग मान वर करून पत्र्याकडे बघितलं. ‘गर्मी में कैसा रहता है?’ मालक म्हणाले, ‘पंखा है ना.’ रमेशभाऊ सुतळीनं भांड्यांचं पोतं बांधत होते. ते उठले. या सगळ्या आठवड्यांत त्यांना मी आपणहून बोलताना ऐकलं नव्हतं. मोडक्या हिंदीत ते तिला म्हणाले, ‘भाभी, उन्हाळे में दोपहर को इधर मत रहना. बच्चे को लेके बाहर जाना.’

बाई हसली. त्यांची काळजी तिला आवडली असावी. मूल दुसऱ्या कडेवर घेत तिनं विचारलं, ‘बाहर कहाँ, भैया?’

रमेशभाऊ दारात उभे राहिले. खाली रस्ता, पलीकडे कंपन्यांच्या भिंती, एकही झाड नाही. मग परत येऊन पोतं बांधायला बसले.