‘ले’चा धसका

माझा आतेभाऊ जन्मला तेव्हा रडलाच नाही. डोळे उघडून त्याने आधी सुईणीचं नावगाव विचारलं आणि मग स्वतःच्या जन्माची बातमी दिली, असं कुणी सांगितलं तर अख्ख्या आष्टीत एकही माणूस ते खोटं म्हणणार नाही. रेडिओ-टीव्हीवर बातमीदार व्हायचं, एवढं एकच वेड. बापाच्या कापडदुकानातला मोजायचा गज हा त्याचा माईक. तो घेऊनच हा लग्नांना जायचा आणि ऐन हार घालताना नवरदेवाच्या नाकाखाली धरायचा, "या क्षणी आपल्याला काय वाटतंय?" एकदा आत्या अंगणात घसरून पडली. हा धावला खरा, पण गज घेऊन. "घटनास्थळी अद्याप कोणतीही मदत पोचलेली नाही," असं गंभीर आवाजात सांगतोय तोच खालून आत्या ओरडली, "मुडद्या, मले उचल आधी! बातमी मंग देजो!"

शेवटी वर्ध्याच्या एका रेडिओ केंद्रातून आवाजाच्या चाचणीचं बोलावणं आलं. बाप म्हणाला, "जाऊन ये. पण नापास झाला तं उद्यापासून दुकानात बसजो." झालं! बोली शुद्ध करायची म्हणून गडी ‘ले’च्या हात धुऊन मागे लागला. मले नाही, मला. तुले नाही, तुला. एसटीत वर्ध्यापर्यंत हाच जप. शेजारची म्हातारी घाबरून जागा सोडून उभी राहिली. मी सोबत होतो, चाचणीच्या वेळी स्टुडिओच्या काचेबाहेरून ऐकत होतो. पठ्ठ्याने बातमीच्या कागदावर ‘ले’ दिसेल तिथे छाटून ‘ला’ केला. "पालकमंत्री सकाळी आला. शेतकऱ्यांशी बोलला. पोटभर जेवला आणि निघून गेला."

चाचणी घेणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मंत्री काय तुमचा लंगोटीयार आहे?"

भाऊ रडकुंडीला आला. "काय करू मॅडम, ‘ले’चा असा धसका बसला न मले! तिकडे बाबा दुकान उघडून वाट पाहून राह्यले!"

बाई हसता हसता थांबल्या. "हे आत्ता बोललात ना, अस्संच बोला. सकाळच्या वऱ्हाडी कार्यक्रमाला असाच माणूस हवाय आम्हाला."

आता तो वर्ध्यातच खोली करून राहतो. गज दुकानात मुकाट्याने कापड मोजतो. नवरदेव निर्धास्त हार घालतात, आणि खरं सांगू? लग्नं पार अळणी झालीत. रोज सकाळी आत्या पोळपाटाशेजारी रेडिओ मांडते.

"राम राम मंडळी, चहा झाला काय?" तो विचारतो.

"माया झाला. तुया झाला काय रे बाबू?" आत्या म्हणते, आणि लाटणं थांबवून वाट पाहते.

तो कापसाचे भाव सांगायला लागतो.