अप्पांच्या मशीनवर न चालणारा राक्षस

ऑफिसात तिला सगळे खुडबुडताई म्हणत. व्हिडिओ गेम बनवणाऱ्या त्या छोट्याशा कंपनीत ती आवाज करायची. म्हणजे आवाज चढवायची नाही. गेममध्ये जे जे वाजायला हवं, ते ते वाजवायची. बर्फातली पावलं हवी असली की कापडी पिशवीत कॉर्नफ्लोअर भरून ती दाबत बसायची. वटवाघळाच्या पंखांसाठी एक मोडकी छत्री होती. हाड मोडायचं असेल तर कोबीचा दांडा. भाजीवाला म्हणायचा, "ताई, कोवळा देतो." ही म्हणायची, "नको, काडकन मोडेल असा द्या."

घरी ती आणि सासरे, दोघंच. नवरा जहाजावर इंजिनिअर. तो वर्षातले निम्मे महिने समुद्रावर. सासरे, म्हणजे अप्पा, लिफ्टचे मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर रिकामपण खायला उठलं, तेव्हा मुलाने त्यांना गेम खेळायचं काळं मशीन आणून दिलं. "हे पोराटोरांचे खेळ," म्हणून त्यांनी आधी नाक मुरडलं. आठवडाभरात त्यांना जेवायला तीन-तीन हाका माराव्या लागू लागल्या.

इमारतीच्या तळमजल्यावर त्यांच्या मित्राचं चष्म्यांचं दुकान होतं. त्याच्याकडे दुसऱ्या कंपनीचं पांढरं मशीन. दोघांची रोज जुंपायची.

"तुझं ते मशीन म्हणजे नुसता डबा," अप्पा म्हणायचे.

"आणि तुझं म्हणजे पंखा. खेळ कमी, घरघर जास्त."

त्या सुमारास खुडबुडताईच्या कंपनीत एक मोठा गेम घाटत होता. गुहेत राक्षस झोपलाय आणि त्याच्या नाकाखालून चोरपावलांनी निसटायचं. सगळा खेळ त्या घोरण्यावर. घोरणं थांबलं की समजायचं, मेलो. तिने पाण्याचा पंप वाजवून पाहिला, ट्रंक फरशीवरून ओढून पाहिली. काही केल्या जमेना. एका दुपारी घरी आली तर अप्पा आरामखुर्चीत, तोंडावर वर्तमानपत्र, आणि ते वर्तमानपत्र प्रत्येक श्वासाला फडफडतंय. ती दारातच थबकली. मग चपला हातात घेऊन आत गेली आणि रेकॉर्डर घेऊन आली.

तो आवाज संथ करून तिने त्याच्याखाली दगड घरंगळल्याचा आवाज मिसळला. ऐकताना बॉसच्या अंगावर काटा आला.

"हे कुठे मिळालं?"

"घरचंच आहे."

अप्पांना सांगू सांगू म्हणता राहून गेलं. ते मात्र गावभर सांगत सुटले होते, "आमच्या सूनबाईंचा गेम येतोय!"

आणि एका सोमवारी बॉसने सगळ्यांना गोळा केलं. आपल्याला पांढऱ्या मशीनवाल्यांनी विकत घेतलंय, म्हणाला. टाळ्या झाल्या, केक कापला. केक खाता खाता त्याने उरलेलं सांगितलं. आता गेम फक्त पांढऱ्या मशीनवर येणार. तिथे दरमहा पैसे भरले की शेकडो गेम खेळायला मिळतात, त्यातलाच हा एक.

"आणि काळ्यावर?" खुडबुडताईने विचारलं.

"काळ्यावर नाही. एक्सक्लुझिव्ह."

"अहो, पण तिथे छान चालतोय! मी काल स्वतः चालवला."

"चालतो म्हणूनच द्यायचा नाही. लोकांनी पांढरं घ्यावं ना!"

तिने घरी येऊन सांगितलं. अप्पांनी हातातला रिमोट खाली ठेवला.

"म्हणजे रांधायचं आपण आणि जेवायचं शेजारच्याने?"

"आपणही पांढरं मशीन आणू या का?"

"या घरात? मी जिवंत असताना?"

गेम आला. दोन दिवसांनी चष्मेवाला स्वतः जिना चढून वर आला. "चल रे, पुरे झाली नाटकं. सून तुझी, कौतुक मी एकट्याने किती करू?"

"मी खेळणार नाही. नुसता ऐकायला येतो," म्हणत अप्पांनी चपला घातल्या. सोबत खुडबुडताई.

दुकानामागच्या खोलीत तिघं बसले. पडद्यावर गुहा, अंधार, आणि ते घोरणं. चष्मेवाल्याने गेम थांबवला.

"इतक्या वेळा ऐकलं, आत्ता कळलं! आपण एकदा बसने गेलो होतो, तुझ्यामुळे अख्खी बस जागी होती. अरे, हा तू आहेस!"

अप्पांनी सुनेकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"सूनबाई?"

"अप्पा, तुम्ही इतकं छान घोरत होता…"

"मला विचारायचं तरी!"

"चुकलंच," ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. तिची मेहनतही तिला न विचारता कुणीतरी विकलीच होती. ते कसं टोचतं, हे तिला ठाऊक होतं.

अप्पांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाले, "परत लाव."

तीनदा ऐकलं. मग मित्राकडे वळून म्हणाले, "बघ. तुझ्या डब्याला शेवटी माझं नाक लागलं!"

वर्षभराने नव्या मालकांच्या लक्षात आलं की एका राक्षसापायी कुणी नवं मशीन घेत नाही. गेम गुपचूप काळ्यावरही आला. अप्पांनी घेतला, पण संध्याकाळी खेळायला खालीच जायचे. एकट्याला भीती वाटते, हे काही ते कबूल करत नसत.

ऑफिसात मात्र फर्मान निघालं: यापुढे आवाज मुख्य ऑफिसच्या तयार साठ्यातूनच घ्यायचे. खुडबुडताईने तो साठा ऐकला. सगळे राक्षस एकाच कुकरच्या शिट्टीवर वाढलेले. तिने राजीनामा दिला आणि घरी येऊन स्वयंपाकघरात रडली.

"लिफ्ट अडकली की मी आधी पाना काढत नसे," अप्पा दारात उभं राहून म्हणाले. "आधी आत अडकलेल्यांशी बोलायचो. तू बोललीस का कुणाशी?"

ती बोलली. ऑफिसातली चित्रं काढणारी मैत्रीण आणि एक प्रोग्रॅमर, दोघंही तितकेच वैतागलेले निघाले. तिघांनी चष्मेवाल्याची मागची खोली भाड्याने घेतली, स्वतःचा गेम करायला. गेम छोटासा, तळ्याकाठचा. पण सगळ्या मशीनवर चालणारा. उद्या कुणी विकत घ्यायला आलं तर? "आलं तर बसवू, पाणी देऊ," खुडबुडताई म्हणाली, "पण ठरवताना तिघंही खोलीत हवेत."

पहिल्याच आठवड्यात तिला शिंपल्यांची उघडझाप हवी होती. चष्मेवाला दारात घुटमळत होता.

"माझ्याकडचं काही घेण्यासारखं नाही का?"

तिने त्याच्या हातातली चष्म्याची डबी घेतली आणि टपकन मिटली. मग पुन्हा उघडून मिटली, जरा हळू.

"अशा अजून किती आहेत?"

भर सकाळी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. आतून बराच वेळ टपटप ऐकू येत होती, आणि मधूनच तिचा आवाज, "काका, हसू नका, रेकॉर्ड होतंय!"