चार्जच्या यादीतला पासवर्ड

आमच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या कारकून ताईंवर अन्याय झाला, तो २००४च्या जूनमध्ये. बाळंतपणाची रजा संपवून, बाळाला इंदिरानगरला सासूकडे ठेवून त्या कामावर आल्या, त्याच सकाळी. रजेच्या काळात त्यांच्या लॉगिनवरून कुणीतरी एका विद्यार्थ्याचे गुण वाढवले होते, आणि ठपका ताईंवर आला.

रजेवर जाताना चार्ज द्यायचा, म्हणजे किल्ल्या, शिक्के आणि पासवर्डसुद्धा यादीत लिहून द्यायचा, हा आमच्या विभागाच्या साहेबांचाच नियम. यादीखाली साहेबांची सही होती. ताईंनी चौकशीत तीच यादी पुढे केली.

"म्हणजे पासवर्ड दिल्याचं कबूल करताय," चौकशी अधिकारी म्हणाले.

"अहो, साहेबांनीच लिहून घेतला ना!"

"मी किल्ल्यांपुरती सही केली, बाई," साहेब म्हणाले.

ताईंची नोकरी गेली. त्यांच्या रजेत त्या लॉगिनवर आम्ही सहाजण रोज बसत होतो. मीही, कंत्राटी ऑपरेटर म्हणून. चौकशीत सहाही जण गप्प राहिलो. पुढे मी हे सगळं छापून ढीगभर पत्रकं वाटली, पण ताई काही परत आल्या नाहीत.

तुमच्या कचेरीत आज रजेवरच्या माणसाच्या नावाने कुणी काम करत असेल, तर त्याला उठवा. तुम्हीच करत असाल, तर आधी उठा आणि तसं लेखी द्या.