छबूकाकाचे हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही. नलूला, म्हणजे माझ्या बहिणीला, अर्धंमुर्धं ठाऊक असावं असा मला संशय आहे. पण तिनं कधी विचारलं नाही आणि मी कधी विषय काढला नाही. चौदा वर्षं झाली. बोलायला बसलो की मी दुसरंच काहीतरी बोलतो — पाऊसपाणी, गुडघे, पेन्शन. आताही तेच करतो आहे बघा.

तुम्ही मला कदाचित पाहिलं असेल. मला नाही — छबूकाकाला. संध्याकाळी साडेसातला लागायची ती मालिका. मोठं एकत्र घर, त्यात एक लग्न न झालेला काका. कोणाच्या डोळ्यांत न बघणारा, हवेत बोटं नाचवणारा, आणि कोणतीही तारीख सांगा, त्या दिवशी कोणता वार होता ते पटकन सांगणारा. तो काका मी होतो. पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेला, अमरावतीत तीस वर्षं हौशी नाटकं केलेला माणूस. एकसष्टाव्या वर्षी मला मुंबईहून बोलावणं आलं. त्या वयात बोलावणं येणं म्हणजे काय, हे नाटकवाल्याला सांगावं लागत नाही.

दिग्दर्शक पोरगेला होता, सभ्य होता. म्हणाला, "काका ऑटिस्टिक आहे. स्वमग्न म्हणतात बघा मराठीत." आणि त्यानं समजावून सांगितलं. अशी माणसं नजर देत नाहीत, शब्दाला शब्द धरून बसतात, रोजचा क्रम मोडला की बिथरतात, एखाद्या गोष्टीत इतकी रमतात की बाकी जग नसतंच. मी मान डोलवत होतो, जणू मला हे सगळं माहीत आहे. शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण माणूस? माणूस मला माहीत होता. बावन्न वर्षं माहीत होता.

माझा धाकटा भाऊ, मधू.

आमच्या घरात मधूसाठी शब्द नव्हता. आई म्हणायची, "आपला मधू जरा येगळा आहे, बस." शाळा चौथीत सुटली. अकोल्याला आईजवळ राहिला, आई गेल्यावर नलूजवळ. आणि कामाला जिनिंगमध्ये, जिथं कापसातून सरकी वेगळी काढतात तिथं. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या गाड्या यायच्या आणि मधू ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसलेला असायचा. पुंजका घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरायचा, ओढायचा, पुन्हा जोडायचा, पुन्हा ओढायचा. तसं तिथं सगळेच करतात — धागा किती लांब, किती मजबूत ते तसंच कळतं. पण बाकीचे दोनदा ओढून किंमत बोलतात. मधू वीसदा ओढायचा, डोळ्यांच्या अगदी जवळ धरून, आणि मग सांगायचा, "तेल्हाऱ्याचा आहे. खालून ओला आहे." गाडीवाला शिव्या द्यायचा. खालचा थर उपसला की कापूस ओला निघायचा. शेठनं त्याला कधी वेडा म्हटलं नाही. कापूस घेताना शेठ एकदा मधूकडे बघायचा, मग गाडीवाल्याकडे.

सुट्टीत मी घरी गेलो की तो एक पुंजका माझ्या कानाशी आणायचा. "आयक." धागा तुटताना आवाज होतो म्हणे. चांगल्याचा वेगळा, कवडीचा, म्हणजे किडक्या कापसाचा, वेगळा. मला कधीच ऐकू आला नाही. मी "हो" म्हणायचो.

कुठे चाललो मी? हां, मुंबई. दिग्दर्शक म्हणाला, "हातांचं काहीतरी करून दाखवा." आणि मी मधूचे हात काढले. अंगठे, दोन बोटं, डोळ्यांजवळ. खोलीतले लोक खुर्च्या सरकवून पुढे झाले. भूमिका मला त्याच क्षणी मिळाली, हे मला कळलं.

मी त्यांना सांगितलं असतं, की हा माझा भाऊ आहे, तो हे काम म्हणून करतो, त्याच्या हातात कापूस असतो — तर? कापसाबद्दल तेवढं मी बोललो, खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशी खिशात पुंजका घेऊन गेलो होतो. दिग्दर्शक म्हणाला, "कापूस नको. लोकांना कळणार नाही, जखम झाली वाटेल. नुसती बोटं ठेवा. आणि थोडं भरभर." मी कापूस खिशात ठेवला. भरभर केलं. पुढच्या आठवड्यात त्यानं मान थोडी वाकडी मागितली, तीही दिली. मधूची मान सरळ होती हो. मग ते तारखा-वार आलं. मधूला कालचा वार विचारला तरी तो भिंतीवरचं कॅलेंडर बघायला उठायचा.

आणि तो शब्द — तो मी घरी नेला नाही. अर्ध्या शतकानं माझ्या भावाच्या असण्याला कोणीतरी नाव दिलं होतं. नलूला फोन करून सांगायला दोन मिनिटं लागली असती: अगं, असे पुष्कळ असतात, आपला मधू एकटा नाही. मी सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर छबूकाका कुठून आला तेही सांगावं लागलं असतं. पत्रकारांना मी म्हणायचो, "एका संस्थेत महिनाभर जाऊन निरीक्षण केलं." कोणती संस्था ते कोणी विचारलं नाही. मी अशा संस्थेची पायरीही चढलो नव्हतो.

मालिका चालली, गाजली. अमरावतीत माझा सत्कार झाला. तिथं एक बाई वाट बघत उभ्या होत्या, सोबत विशीतली त्यांची लेक, कानांवर हात दाबून. मला वाटलं आभार मानतील. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटच्या भागात छबूकाका सगळ्यांना मिठी मारतो, बरा होतो. काहून केलं हो तसं? आता सासूबाई म्हणतात, माया कमी पडते तुही, म्हणून पोरगी सुधरत नाही." मी म्हणालो, ते लेखकाचं काम असतं. शाल सावरली आणि दुसऱ्यांकडे वळलो.

पण मला सांगायचं आहे ते हेही नाही. हे लाजेचं आहे, तरी हे सांगता येतं. ते —

मालिका सुरू होऊन चार महिने झाले होते. दिवाळीला मी अकोल्याला गेलो. नलू आनंदात होती; गल्लीतली माणसं मला बघायला येत होती. मधू ओट्यावर बसला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासोबत जिनिंगमध्ये गेलो, मिरवायलाच म्हणा. गेटमधून आत जातो तोच एक हमाल ओरडला, "या छबूकाका, या!" मी हात वर केला. तो माझ्याकडे बघत नव्हता. मधूभोवती चौघे-पाच जमले.

"सांग बरं, माह्या लग्नाच्या दिवशी कोणता वार व्हता?"

"मले नाही माहीत," मधू म्हणाला.

"मंग कायचा रे तू छबूकाका! बोटं तं बराबर नाचवते!"

हसले सगळे. कोणी वाईट नव्हतं त्यातलं. त्याच्याच डब्यातली भाकर खाणारी माणसं ती. मीही हसलो. हे लिहिताना हात थांबतो आहे, पण हसलो मी. मधूच्या हातात तेव्हा पुंजका होता. त्यानं आपल्या बोटांकडे पाहिलं. बावन्न वर्षांत त्यानं आपले हात बाहेरून कधी पाहिले नसतील, असं त्यानं पाहिलं.

संध्याकाळी ओट्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. समोर रस्त्याकडे बघत त्यानं विचारलं, "दादा, टीव्हीतला तो मी आहो का?"

एवढंच. चिडून नाही, रडून नाही. पातूरचा कापूस आहे की तेल्हाऱ्याचा, हे विचारावं तसं. त्याला फक्त खरं काय ते हवं होतं.

तुम्हाला मधू समजायला हवा. तो खोटं बोलत नसे. त्याला ते जमतच नसे. आणि दुसरा बोलत असेल असंही त्याच्या मनात येत नसे. त्यातून मी दादा. लहानपणापासून दादा बोलला म्हणजे तसं. विहिरीत भूत नाही असं मी म्हटलं, त्या दिवसापासून तो एकटा विहिरीवर जाऊ लागला.

मी म्हणालो, "नाही रे मधू. तो तू नाही. तो कोणीच नाही, नाटकातला माणूस आहे तो."

"बरं," तो म्हणाला. चेहरा सैल झाला त्याचा. विश्वास ठेवला त्यानं.

आणि मग ते माझं वाक्य घेऊन तो गावभर फिरला. नलूनं फोनवर सांगितलं तेव्हा ती अजून हसत होती — कोणी छबूकाका म्हटलं की हा थांबतो, म्हणतो, "तो मी नाही. दादा बोलला, तो कोणीच नाही." पुन्हा म्हटलं की पुन्हा सांगतो. दिवसातून चाळीसदा. लोक त्यासाठीच म्हणायला लागले. तो प्रत्येकाला तितक्याच निष्ठेनं सांगत राहिला, एकदा सगळ्यांना कळलं की थांबतील या भरवशावर.

संक्रांतीनंतरचा तिचा फोन हसत आलेला नव्हता. "दादा, मधूनं काम सोडलं. शेठ दोनदा घरी येऊन गेला, हा जातच नाही. हात मांडीखाली घेऊन बसते दिवसभर. जेवाले तेवढे काढते."

तेव्हा मी जायला हवं होतं. अमरावतीला घरी आलो की तिथून गाडीनं दोन तासांचा रस्ता. माझं शूटिंग होतं, असं मी तिला सांगितलं. शूटिंग खरंच होतं. पण गेलो नाही ते त्यामुळे नाही.

त्यानंतर बारा-तेरा वर्षं मी अकोल्याला जात राहिलो आणि त्याच्याजवळ बसत राहिलो. दर वेळी बडनेऱ्याहून गाडी सुटली की ठरवायचो, आज बोलायचं. मधू टीव्हीचा आवाज बंद करून बसलेला असायचा. मला बघून सरकून जागा करायचा, हात मात्र मांडीखालीच. एकदा मी कापूस घेऊन गेलो. म्हटलं, "बघ बरं, कुठला आहे?" त्यानं पाहिलं. नजर बराच वेळ तिथंच राहिली. खांदे जरासे हलले. हात बाहेर आले नाहीत.

त्या दिवशी मी सुरुवात केली होती. "मधू, ते छबूकाकाचं —"

"तो मी नाही," तो लगेच म्हणाला. आणि थोडं थांबून, जणू मलाच धीर देत, "तू बोलला व्हता ना."

मी म्हणालो, "हो."

पहिल्यांदा बोललो तेव्हा नाव जाईल ही भीती होती. या वेळी कसली होती? मालिका कधीच संपली होती, मला कोणी ओळखत नव्हतं. समोर एक माणूस माझा शब्द चौदाव्या... नाही, तेव्हा नववं वर्ष होतं — नऊ वर्षं जपून बसला होता. आणि मी तो शब्द पुन्हा पक्का करून दिला.

गेल्या मार्गशीर्षात मधू गेला. झोपेत, नलू म्हणते. मी पोचलो तेव्हा त्याला ओट्यावर ठेवलं होतं. हात कोणीतरी छातीवर जुळवले होते. इतक्या वर्षांनी ते उघडे दिसत होते. अंगठे रुंद, नखांपाशी चपटे झालेले. मी ते धरले. लोक होते भोवती, रडारड चालली होती, नलू माझ्या खांद्याला धरून होती. तोंडापर्यंत आलं होतं. मी म्हटलं नाही.

आता दुपारी मी एकटा असतो. त्याचं सरकून जागा करून देणं आठवतं. वाटतं, एकदा, फक्त एकदा त्याच्या शेजारी बसावं आणि त्यानं विचारावं. मी वाक्य पाठ केलं आहे. नाटकातली मोठी भाषणं एका वाचनात पाठ करायचो, हे तीन ओळींचं आहे.

मधू, तो तूच होतास. हात तुझे होते, ते मी घेतले आणि लोकांना हसायला दिले. तू विचारलंस तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोललो.